रोनवी नावाची गाडी

आत्याला दुसरा कसला मान नसतो, पण भाचीचं नाव ठेवायचा असतो, आणि तो मी कुणाला घेऊ दिला नाही. माझा धाकटा भाऊ नवनाथ नाशकात गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला मुलगी झाली तेव्हा भटजींनी ‘र’ अक्षर काढून दिलं. घरातल्या पोरींनी मोबाइलवर पाच-पन्नास नावं शोधली, पण मला एक पसंत पडेना. मग मी माझी भावजय रोहिणी, तिचा ‘रो’ घेतला, नवनाथचा ‘नव’ घेतला, शेवटी वेलांटी दिली आणि झालं नाव, रोनवी. पाळण्यावर वाकून तिच्या कानात सांगितलं, कुर्र केलं, बायकांनी माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले. त्यातच माझी जाऊ म्हणाली, “अर्थ काय गं याचा?”

“अर्थ म्हणजे ह्या दोघांची पोर,” मी म्हटलं. “आणखी काय पायजे तुला?”

पोर बालवाडीत जायला लागली होती. पावसाळ्याच्या शेवटी ताप आला, पेशी उतरत गेल्या आणि आठवडाभरात ती गेली. मी ओझरकडे फुलं पिकवते. त्या साली शेवंती अशी फुलली होती की तोडायला माणसं पुरेनात, आणि मला एका फुलाला हात लावावासा वाटला नाही. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही.

आता पुढचं समजायला आमच्या गावचे पंखे माहीत पाहिजेत. मारुतीच्या देवळात जेवढे पंखे आहेत, त्या प्रत्येकाच्या पात्यावर लाल रंगात कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ म्हणून नाव लिहिलेलं आहे. ऐपतवाला सभामंडप बांधतो, बाकीचे पंखा देतात. दुसऱ्या वर्षी कंपनीने नव्या गाडीसाठी कामगारांकडून नावं मागवली तेव्हा नवनाथच्या डोक्यात तो पंखा फिरला. त्याने लेकीचं नाव देऊन टाकलं. बायकोला विचारलं नाही, आणि जिने ते नाव ठेवलं त्या मलाही नाही.

शेकडो नावांतून तेच निवडलं गेलं. मुंबईच्या जाणकारांनी म्हणे तपासून पाहिलं होतं. आटोपशीर आहे, जिभेवर बसतं, आधी कुणी घेतलेलं नाही आणि कुठल्याच भाषेत त्याचा वाईट अर्थ निघत नाही. खरं तर कुठलाच अर्थ निघत नाही, हे त्यांना फार आवडलं. नवनाथला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ कशाबद्दल, ते त्याने घरी सांगितलं नाही.

रोहिणीला कळलं ते मुंबई नाक्यावर. आम्ही दोघी रिक्षात होतो आणि समोर भला मोठा फलक होता. ‘रोनवी आली! आजच घरी न्या.’ तिने तो वाचला, आणि घरी पोचेपर्यंत माझा हात सोडला नाही. नवनाथशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. ती कसर मी भरून काढली.

“अरे, पंख्यावर कैलासवासी लिहित्यात. गाडीवर लिहिणार हाय का कुणी?”

तो मान खाली घालून बसला होता. “आक्का, मला वाटलं, तिचं नाव राहील.”

तोंडाने मी कुणाला हार जात नाही, पण त्या दिवशी गेले.

त्यांची खोली इंदिरानगरला बोगद्याजवळ आहे. गॅलरीतून रस्ता दिसतो, गाड्या अडतात तेही दिसतं. एका रविवारी मी फुलबाजार आटोपून गेले तर रोहिणी कठड्याशी उभी होती. “आक्का, आत्ता एक पांढरी गेली,” ती म्हणाली. “मागच्या सीटवर बारकं पोर झोपलेलं.” मग हळूहळू रोजचंच झालं. नवरात्रात वणीला निघालेली, हार घातलेली गाडी दिसली की तिचा चेहरा उजळायचा. ‘लाल रंग तिला शोभतो’, ‘आज कुणी धुतलीच नाय तिला’. मी म्हणणार होते, बाई, तुला वेड लागलं. पण ती पुन्हा दोन घास जेवू लागली होती.

यंदा दिवाळीनंतर नवनाथ कामावरून आला आणि बूट न काढताच बसला. कंपनी रोनवी बंद करणार होती. म्हणजे गाडी तीच राहणार, आतली बैठक बदलणार आणि नाव नवं देणार. खप कमी झाला होता, नाव जुनं झालं होतं.

“नाव कसं जुनं होतं?” रोहिणीने विचारलं. “तुम्ही सांगा ना त्यांना.”

तो गेला साहेबाकडे. साहेब माणूस वाईट नाही. बसवून चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नवनाथ, गाड्यांची नावं अशीच येतात नि जातात. माझ्या हातात नाही, माझ्या वरच्याच्याही नाही.”

“मी येते,” मी म्हटलं. “म्हणावं, आत्या हाय मी तिची. नाव मी ठेवलंय.”

“आक्का, तुला गेटातून आत सोडायचे नाय,” नवनाथ म्हणाला.

नवनाथचं काम गाडीच्या मागच्या दारावर नावाची अक्षरं चिकटवायचं. इतकी वर्षं तो लेकीचं नाव चिकटवत होता, आता दुसरं चिकटवतो. मी त्याला ते विचारलं, त्याने सांगितलंही, पण माझ्या तोंडात बसलं नाही. रोहिणीने विचारलं नाही.

परवाच्या रविवारी आम्ही दोघी गॅलरीत मेथी निवडत होतो.

“आक्का, एक गाडी किती वर्षं चालती हो?”

“धा, पंधरा. नीट राखली तर जास्त बी.”

तिने आणखी थोडी मेथी निवडली. “म्हंजे तवर दिसत राहील.”

तेवढ्यात बोगद्यातून एक पांढरी गाडी बाहेर आली. रोहिणी उठली, मांडीवरची मेथी खाली सांडली. पुढून गाडी अगदी तीच ठेवली आहे, त्यामुळे ती निघून जाईपर्यंत काही कळत नाही. मीही उठले. दोघी कठडा धरून उभ्या राहिलो. गाडी खालून पुढे गेली आणि मागची अक्षरं दिसली. दुसरी होती. चकचकीत, एका ओळीत, कुठे तसूभर वाकडी नाहीत.

“चांगली बसवलीत ह्यांनी,” रोहिणी म्हणाली, आणि मेथी गोळा करायला खाली बसली.