निर्भेळ रक्त

शिवाजी पेठेतल्या केरबाचं दूध इतकं दाट, की त्यात माशी पडली तर बुडायची नाही. पाय झटकत, चालत काठावर यायची. खोटं वाटत असेल तर त्या माशीला विचारा. रोज संध्याकाळी तो दूधकट्ट्यावर म्हैस उभी करायचा, गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरच धार काढायचा आणि उजवी मूठ उंचावून सांगायचा, "पाण्याचा थेंब न्हाय ह्यात!"

अशा माणसाला डॉक्टर चंदना मॅडमनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली.

"काका, तुमच्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडतात. त्यानं आत रक्त साकळतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. गोळी रोज, ठरल्या वेळेला. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

एवढ्यातून केरबानं 'पातळ' तेवढं उचललं. "उभ्या जन्मात दुधात पाणी घातलं न्हाय मॅडम, आता रक्तात घालू व्हय?"

"पाणी होत नाही हो त्याचं. गुठळी होऊ देत नाही, एवढंच."

"तेच की," केरबा म्हणाला. जिल्ह्यातले सगळे मोठे गैरसमज असेच 'तेच की' म्हणून मिटवले जातात.

पहिले काही दिवस बायकोच्या, धोंडुबाईच्या धाकानं गोळी पोटात गेली. मग एकदा दात घासताना हिरडीतून थोडं रक्त आलं. मॅडमना फोन लावायचा, तर ह्यानं कट्ट्यावर सभा भरवली. तिथं सगळेच तज्ज्ञ. कुणाच्या बैलाचं ऑपरेशन झालेलं, कुणी नुसताच आजारी पडलेला. निकाल लागला : रक्त नासलं. तेव्हापासून गोळीची पाहुणी झाली, आली तर आली. धोंडुबाईनं विचारलं की हा छाती ठोकून म्हणायचा, "घेतली की!" आणि बिघडतही काही नव्हतं. चक्कर नाही, दुखणं नाही. केरबाच्या मते हा गोळी न घेतल्याचाच गुण.

एका सोमवारी धार पेल्यात पडायची ती गिऱ्हाइकाच्या बुटावर पडली.

"म्हस हलाय लागल्या," केरबा म्हणाला. म्हैस नंदीसारखी स्तब्ध उभी होती. दुसरी धार विजारीवर. मग उजवी मूठ उघडली ती मिटेचना. 'पावणं, जरा लांब हुबं ऱ्हावा' असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून जे निघालं ते कुठल्याच जिल्ह्याचं नव्हतं.

तज्ज्ञांनी कांदा हुंगवायचा ठराव मांडला. धोंडुबाईनं नवऱ्याचं वाकडं झालेलं तोंड बघितलं. "कांदा तुमच्या मिसळीवर घाला!" म्हणाली आणि रस्त्यात आडवी जाऊन रिक्षा थांबवली.

वेळेत पोचला म्हणून जीव वाचला, बोलणंही परत आलं. मॅडमनी विचारलं, "गोळी बंद केली होती?"

"बंद कुठं? अधनंमधनं घेत हुतो की."

"म्हशीला वैरण अधूनमधून घालता?"



आता धार धोंडुबाई काढते. केरबा डाव्या हातात पेला धरून शेजारी उभा असतो. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी परत आली आहेत. दोन बोटांनी म्हैस पिळता येत नाही, हे तो रोज करून बघतो. म्हैस मान वळवते, पण सभ्यपणे काही बोलत नाही. पाकिटातली गोळी मात्र दोन बोटांनी बरोबर निघते.