उसनं बोट

मी मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, बोटातल्या एका थेंबावरून रक्तातली साखर सांगणारा. तळहातावर मावतो, पण आहे मोठा फटकळ. खरं ते सांगतो आणि मोकळा होतो.

या घरात मला आणलं ते धाकटीसाठी. घरात जुळ्या मुली, नऊ वर्षांच्या. मोठी सात मिनिटांनीच मोठी, पण तेवढ्यावर भरपूर ताईगिरी करते. धाकटीला मधुमेह झाला. दिवसातून चारदा बोट टोचायचं, माझा आकडा बघायचा, त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायचं. पहिल्या आठवड्यात ती पलंगाखाली लपायची. महिनाभरात स्वतःच टोचायला लागली, वर मलाच दटावायची, "हलू नकोस हं!" मला तिचं फार कौतुक वाटायचं.

घोळ झाला तो आईच्या एका शब्दामुळे. तिचा जीव सदा टांगणीला. आकडा बरा आला की म्हणायची, "शाब्बास!" जास्त आला की, "अगं बाई! काय खाल्लंस?" धाकटीने काही खाल्लेलंच नसायचं. साध्या सर्दीनेही माझा आकडा चढतो, पण मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही. हळूहळू ती मला निकालासारखी घाबरायला लागली.

एका दुपारी पट्टीवर थेंब पडला आणि मी चपापलो. शहाण्णव, अगदी निरोगी माणसाचा आकडा! बघतो तर बोट गुळगुळीत, टोचल्याची एकही जुनी खूण नाही. बोट मोठीचं होतं.

"दुखलं का गं?" धाकटी कुजबुजली.

"छे!" मोठी डोळे पुसत म्हणाली.

धाकटीने आकडा ओरडून सांगितला. बाहेरून आईचं "शाब्बास!" ऐकू आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकडा खराच होता हो, माणूस तेवढं चुकलं होतं.

असे बरेच आठवडे गेले. इन्सुलिन कमी पडत गेलं. धाकटी घटाघटा पाणी प्यायची, वर्गात पेंगायची. मी आतल्या आत तळमळत होतो.

शेवटी दवाखान्यात सिस्टरने माझे जुने आकडे चाळले, रक्ततपासणीचा कागद पाहिला. दोन्हींचा मेळ बसेना. तिचं लक्ष मोठीच्या बोटांकडे गेलं. त्यांवर टोचल्याचे ठिपके होते.

"मी नापास झाले की आई रडते," धाकटी हुंदके देत म्हणाली.

"हे मार्क नाहीत गं बाळा," सिस्टर म्हणाली. "औषध किती घ्यायचं, तेवढंच यातून कळतं."

आईने दोघींना जवळ ओढलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने स्वतःचं बोट पुढे केलं. मी काय करणार? खरं ते सांगितलं. तिने ते मोठ्याने वाचलं, "आई, तीनशे बारा!"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कळलं. आण इन्सुलिनचं पेन, डोस बघू."

त्या दिवसापासून आई फक्त "कळलं" म्हणते. आता माझा कोपरा तडकलाय. उद्या धाकटीच्या दंडावर चिकटवायचं, साखर मोजणारं नवं यंत्र येणार आहे. त्यालाही कुणी निकाल समजू नका, एवढीच विनंती. मी शहाण्णव पुष्कळदा दाखवले, पण अभिमान वाटतो तो त्या तीनशे बाराचा. केवढं धैर्य लागलं असेल त्या पोरीला!

काल तिने मला पुसून डबीत ठेवलं आणि हळूच म्हणाली, "शाब्बास!"

कळलं, पोरी.