घरातल्या घरात सोयरीक

नांदेडहून आलेली एसटी हट्ट्याला थांबली तेव्हा शंभूला कडेवर घेण्याचं त्राण मोहिनीत उरलं नव्हतं. तीन वर्षांचं लेकरू, वजन तीस किलो. तिच्या नवऱ्यानं, मुंजाजीनं, त्याला खांद्यावर टाकलं. स्टँडवर केळी झाली, गाडीत मुरमुरे झाले, तरी शंभू भुकेनं रडतच होता. कंडक्टर हसून म्हणाला होता, "दूधतुपाचं घर दिसतंय, ताई." मोहिनी पोराला कोंबते, हे गावानं तर केव्हाच ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आज सांगितलं, तुमची चूक नाही. पोट भरल्याचा निरोप या लेकराच्या मेंदूला पोचतच नाही. दोष जन्माचा आहे, अर्धा आईकडून आलेला, अर्धा बापाकडून. एकाच बाजूनं आला तर काही होत नाही, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट.

"नात्यातलं लग्न का?" त्यांनी विचारलं.

"मामाचीच पोरगी केली मी," मुंजाजी म्हणाला.

मोहिनीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण येत्या रविवारी तिची धाकटी बहीण दिपाली आणि मुंजाजीचा धाकटा भाऊ शिवप्रसाद यांची सुपारी फुटायची होती. त्यांच्याही लेकराला हे होऊ शकतं, आधी दोघांचं रक्त तपासा, असं बाईंनी बजावलं होतं. येताना मुंजाजी एवढंच म्हणाला, "मायला तूच सांग. तुझी तर आत्याच हाय."

घरी सासरे रामकिशन नवा मेंढा खुंट्याला बांधत होते. सासू सत्यभामाबाई नातवाला बघताच भाकर घेऊन आल्या.

"नका देऊ, आत्या."

"सकाळपून उपाशी लेकरू. दगड खाईल का?" भाकर शंभूच्या तोंडात गेलीसुद्धा. "काय म्हनला डाक्टर?"

मोहिनी ओट्यावर टेकली आणि बसल्या जागी सगळं सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "दिपीची सुपारी थांबवा. आधी दोघांचं रक्त तपासू."

"माझ्या भावाच्या घरचं रक्त नासकं म्हनतीस व्हय? बापाचं नाव घ्यायला लाज न्हाई वाटत?"

"माझंबी तेच रक्त हाय, आत्या. तुमचंबी."

मोहिनी सासऱ्यांकडे वळली. "मामा, जुना मेंढा काहून दिला?"

"दोन वर्सं झाले की." मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत ते सवयीनं बोलून गेले. "त्याच्याच लेकी आता गाभण राहायला आल्या. घरचाच ठिवला तर कोकरं धड निघत..." हात थांबला.

"मानसं काय मेंढरं हायेत?" सत्यभामाबाई कडाडल्या. "माझ्या मायनं केलं, आज्जीनं केलं. कुनाला काय झालं?"

"तुझ्या मायचे दोन लेकरं गेले की," रामकिशन हळूच म्हणाले.

"ते तापानं गेले."

"गेले असतील." त्यांनी मेंढ्याचं दावं घट्ट केलं. "सुपारी न्हाई फोडायची. आधी तपासू."

"मंग मी न्हाई सांगनार भावाला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "जिनं काढलं तिनंच निस्तरावं." त्या आत गेल्या आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या डोळ्याला पदर लागलेला मोहिनीनं पाहिला, पण उठून जवळ जायचं बळ तिला आलं नाही.

तिनं फोन लावला. दिपालीनं उचलला तोच हसत.

"बोला, जाऊबाई!"

मोहिनीनं सांगितलं. पलीकडचं हसू थांबलं.

"तुला मी त्या घरात नकोच होते, ताई. सरळ सांग ना."

"तसं न्हाई गं. नुसतं रक्त द्यायचं हाय. दोघांतलं एक जरी साफ निघालं तरी खुशाल कर."

"आन न्हाई निघालं तर?"

"शंभू रात्री उठून जनावरांची पेंड खातो, दिपे," मोहिनी म्हणाली. "मी त्याच्या तोंडातून काढते. रोज काढते."

दिपालीनं विचारलं, "शिवप्रसाद काय म्हनले?"

"त्याला अजून सांगितलं न्हाई."

"मंग मीच सांगते," दिपाली म्हणाली. "तू नको बोलू त्यांच्याशी."

फोन बंद झाला. बहीण रक्त देईल, एवढं मोहिनीला कळलं होतं. आपल्याशी कधी बोलेल, ते कळलं नव्हतं.