नव्याण्णव टक्के

४ %

टेक्निशियन बाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून कापडाच्या ताग्याला टेकवलं आणि आत टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांना निळा दोरा गुंडाळला होता.

"मास्तर, तुमचा दोरा कुठे कुठे पोचतो!"

"शिवणयंत्राला खेटून ठेवलाय, दुसरं काय होणार," इस्त्री फिरवत अक्का म्हणाली. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. "हा आंघोळ करून आला तरी अंगावर दोरे असतात."

मास्तर हसले नाहीत. ते पडद्यावर भरत चाललेल्या रेघेकडे बघत होते. चार वाजून एक मिनिट.

३८ %

कोर्टानं बापलेकीला आठवड्यातून एक तास दिला होता. शनिवारी, चार ते पाच. समोरासमोर बसायला लेक तयार नव्हती, म्हणून समुपदेशक बाईंनी हा खेळ सुचवला. एक नाव, दोघं जण. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं सुकाणू धरायचं. बोलणं लिहून.

मास्तरांनी त्यासाठी कॉम्प्युटर आणला, माऊस धरायला शिकले. पण खेळ उघडायलाच चाळीस मिनिटं लागत. मागच्या शनिवारी त्यांच्या वाट्याला अकरा मिनिटं आली होती.

७१ %

पहिल्या खेपेला बाईंनी रॅम वाढवली. दुसऱ्या खेपेला कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. कॉम्प्युटर चुटकीसरशी चालू व्हायला लागला, खेळ जिथल्या तिथे. आज त्या साडेतीनलाच आल्या होत्या. अँटिव्हायरस थांबवून बघितला, इंटरनेटचा वेग मोजला. मग एकट्यानं खेळायचा भाग उघडला.

अठरा सेकंदांत नाव पाण्यात.

"अठरा!" मास्तर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, मग झालं की काम."

चार वाजता बाईंनीच दोघांचा खेळ उघडून दिला होता.

९९ %

चार वाजून दोन मिनिटं.

९९ %

चार सतरा. बाईंनी दुसरी खिडकी उघडली. डिस्क शून्य टक्के. प्रोसेसर तीन. यंत्राला काडीचं काम नव्हतं. ते नुसतं बसून होतं.

"तापलंय का?" मास्तरांनी डब्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

"नाही हो. गार आहे."

"मग वायर? वायर बदलू या का?"

"मास्तर," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. रेघेखाली नावेचं चित्र होतं, तिच्या दोन टोकांना दोन कंदील. "हे दर वेळी असेच असतात?"

"चित्र आहे ते. एक हिरवा, एक पिवळा. छान आहे."

बाईंनी मोबाइलवर खेळाच्या मदतीचं पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोबाइल उपडा ठेवला.

"काय लिहिलंय?"

"एक कंदील तुमचा, एक तिचा. राखाडी असला तर माणूस आलेलं नाही. हिरवा म्हणजे तयार. दोन्ही हिरवे झाले की नाव सुटते."

"आणि पिवळा?"

बाईंनी झाकणाचे स्क्रू मुठीत घेतले.

"आलंय. पण तयारचं बटन दाबलेलं नाही."

इस्त्री थांबली.

"म्हणजे पोरगी आलेली असते!" अक्का म्हणाली. "बघ, चारच्या ठोक्याला येते बिचारी. आणि तू म्हणत होतास—"

९९ %

बटन दाबायचं राहत असेल. दिसत नसेल. तिची आई हाक मारत असेल. चाळीस मिनिटं हाक—

९९ %

"तिचं मशीन हळू असेल," मास्तर म्हणाले. "तुम्ही तिकडे जाऊन बघाल का? मी पत्ता देतो."

"मशीन हळू असतं तर पिवळा लागलाच नसता, मास्तर. तिच्याकडे सगळं उघडलेलं असतं."

मास्तरांनी मान डोलावली. गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. चाळीस मिनिटं ती या चित्रासमोर बसते. हेच चित्र. त्यांचा हिरवा कंदील तिला पहिल्या मिनिटापासून दिसतो.

आणि दर शनिवारी नाव सुटली की ते पहिल्यांदा लिहायचे: माफ कर बेटा, माझ्या मशीनमुळे उशीर झाला. ती लिहायची: चालेल.

"आज विचार तिला सरळ," अक्का म्हणाली. "बाप आहेस तू. गिऱ्हाइकाचा कोट पोटावर तटला तरी माझंच माप चुकलं म्हणतोस, तसं इथे नको करूस."

"विचारलं आणि तिनं उत्तर दिलं तर?"

अक्कानं इस्त्री उभी केली.

९९ %

चार बेचाळीस. चार त्रेचाळीस. पिवळा हिरवा झाला.

१०० %

नाव पाण्यात होती. टोकाला वल्हं धरून बसलेली छोटी आकृती, पाठमोरी. वल्हवणाऱ्याची पाठच दिसते, खेळच तसा आहे.

मास्तरांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. अक्का खांद्यावरून वाचत होती. बाई वाचत नसल्यासारखं करत होत्या.

'माफ कर बेटा. मशीननं आजही दगा दिला. नवीन घ्यायचं म्हणतोय.'

अक्कानं कपाळाला हात लावला.

पलीकडे कुणीतरी लिहितंय, असं दाखवणारे तीन ठिपके उमटले. गेले. परत उमटले. वल्हं थांबलं होतं, नाव आपसूक वाहत होती आणि मास्तर सुकाणू धरून ठेवत होते.

'नवीन नका घेऊ बाबा,' तिनं लिहिलं. 'हेच राहू दे.'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, 'बरं.'

वल्हं हललं. पाच वाजायला चौदा मिनिटं होती. टेक्निशियन बाईंनी आवाज न करता झाकण उचललं आणि डब्यावर बसवायला घेतलं.