वेलबुट्टीतला दर

“आकड्यात नको, काका. अक्षरात लिहा,” मॅनेजर म्हणाला. “आणि असं लिहा, की बाहेरच्याला ती अक्षरं आहेत हेच कळू नये.”

बोर्ड तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. एका टोकाला पेंटर आणि दुसऱ्या टोकाला त्यांची धाकटी मुलगी, मध्ये खडू लावलेली दोरी ताणलेली. मधोमध टिचकी मारली की पांढऱ्या पत्र्यावर सरळ रेघ उमटते. टिचकीसाठी उचललेलं बोट पेंटरांनी तसंच धरलं.

“म्हणजे बोर्ड लिहायचा, पण वाचता येऊ नये असा.”

“आपल्याला यावा. त्यांना नको.”

“आणि त्यांचा दर?”

“तो ठळक. सहाशे. त्यांच्या आकड्यात, त्यांच्या भाषेत.”

“आणि आपला तीस.”

“हळू बोला, काका.” मॅनेजरने वळून मागे पाहिलं. मागे पार्किंगमध्ये एक कुत्रं झोपलं होतं. बाकी कोणी नव्हतं.

मॅनेजर तसा वाईट नव्हता. नवा होता, आणि दोन महिन्यांत त्याला पुरता घाम फुटला होता. डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत तळं, तळ्यात होड्या. जगभरातून माणसं बघायला येत. जुन्या बोर्डावर दोन्ही दर शेजारी शेजारी होते. परदेशी पाहुणा रांगेत उभ्या उभ्या मोबाइलवर हिशेब करी आणि खिडकीशी पोचला की विचारी, वीसपट का? खिडकीतल्या मावशी हातवारे करून समजावत. रांग खोळंबे. मागची पोरं रडत. वरच्या ऑफिसात दोन तक्रारी गेल्या होत्या.

“दर मला पटतो, साहेब,” पेंटर म्हणाले. “गुहेची डागडुजी आपल्या करातून होते. ते आयुष्यात एकदा येणार, द्यावेत त्यांनी जास्त. पण घ्यायचे तर तोंडावर सांगून घेऊ.”

“तोंडावर सांगितलं की भांडतात.”

“भांडू देत.”

“तुम्ही बसता खिडकीत?”

पेंटर पुन्हा दोरीकडे वळले. मॅनेजरने आवाज मऊ केला. “आत सव्वीस बोर्ड बदलायचेत, काका. मला हातानं लिहिलेलेच हवेत, जागेला शोभतात. हा जमला तर सगळे तुमचे. नाहीतर चौकातला फ्लेक्सवाला कालच मापं घेऊन गेलाय.”

मॅनेजर गेला. पेंटरांनी टिचकी मारली. रेघ सरळ उमटली.

त्यांना घरातही पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा “पेंटर, पानं वाढलीत” अशीच हाक मारी. चाळीस वर्षांत त्यांनी दुकानं, दवाखाने, शाळा, ट्रकचे मागचे फाळके, सगळं लिहिलं होतं. लिहून झालं की बोर्ड रस्त्यापलीकडे नेऊन ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून म्हणायचं, “जरा वाचून दाखवा हो.” माणूस एका दमात वाचून गेला तर बोर्ड पास. मध्येच अडखळला तर घरी आणून ते अक्षर पुन्हा. येणारंजाणारं कोणी नसलं की धाकटीला उभं करत. त्यामुळे ती शाळेत जायच्या आधीच वाचायला शिकली होती. तिने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘पंक्चर’.

आता ती चाळिशीला आली होती. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात परकी भाषा शिकवायची, तरी घरात धाकटीच. वडिलांचा उजवा खांदा धरला म्हणून सुट्टी काढून आली होती, आणि आल्या दिवसापासून दोरीचं एक टोक तिच्या हातात होतं. गिऱ्हाइकं एकेक करून फ्लेक्सकडे वळल्याचं तिला फोनवर कळत होतं. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा कळलं की वर्षभरात बाबांनी एक शाळेची भिंत आणि दोन ट्रक, एवढंच लिहिलंय. सव्वीस बोर्ड म्हणजे पुन्हा वर्षभर हात चालणार होता.

“काय करायचं, बाबा?” तिने विचारलं.

“करायचं काय? लिहायचं.”

आणि लिहायला बसल्यावर हातचं राखणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वाईट काम करायलाही सराव लागतो, तो त्यांनी कधी केला नव्हता. सहाशेचा आकडा त्यांनी तासाभरात उरकला. वरच्या ओळीला चार दिवस घेतले. ‘आपल्या माणसांसाठी तीस’ एवढीच ओळ. पण शिरोरेषेची त्यांनी फांदी केली, वेलांटीचा कोंब केला, कान्यांना पानं फुटली आणि अनुस्वारावर एक टपोरी कळी आली. निळ्यावर हिरवा, हिरव्यावर कडेने बारीक सोनेरी. इथल्या माणसाला जरा मान तिरकी करून वाचता येई. बाहेरच्याला ती नुसती वेलबुट्टी.

“पलीकडे नेऊन कोणाला वाचायला नाही लावायचं?” धाकटीने विचारलं.

“हा वाचायचा बोर्ड नाही,” ते म्हणाले, आणि स्वच्छ झालेला ब्रश पुन्हा एकदा धुतला.

बोर्ड लागला आणि भांडणं थांबली. पहिल्या आठवड्यात वीसपट कोणी विचारलं नाही. उलटंच झालं. परदेशी पाहुणे सहाशे मोजत आणि बोर्डासमोर उभे राहून फोटो काढून घेत. एका जोडप्याने तर मॅनेजरलाच मध्ये उभं केलं. मॅनेजर हवेत होता.

“काका, कमाल केलीत. बाकीच्या बोर्डांना लागा.”

पेंटरांनी सव्वीसातला पहिला बोर्ड घेतला, ‘डोके सांभाळा’. त्यासाठी ते आधी गुहेत जाऊन, कमरेत वाकून, कुठे काय दिसतं ते बघून आले. मग फाटकाजवळच्या सावलीत पत्रा मांडून बसले.

आठव्या दिवशी सकाळी एक परदेशी म्हातारी तिकीट काढून आत जायची ती समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मांडीवर वही, हातात पेन्सिल. दोन तास ती वेलबुट्टी उतरवत होती. उन्हं अंगावर आली तेव्हा नुसती टोपी पुढे ओढली, जागची हलली नाही. शेवटी उठली आणि रंगाचे डबे बघून थेट बापलेकींकडेच आली. वही पुढे धरली.

पेंटरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. प्रत्येक वळण जागच्या जागी होतं. कोंबाच्या टोकाशी त्यांनी ब्रश उचलताना दिलेला हलका झटका, तोसुद्धा.

“हात आहे बाईला,” ते म्हणाले.

म्हातारी धाकटीशी तिच्या भाषेत बोलू लागली. तिच्या गावात ती दगडावर अक्षरं कोरायची. कबरींचे दगड, दारावरचे दगड. ही अक्षरं आहेत हे तिने पहिल्या नजरेत ओळखलं होतं. नुसत्या वेलीला असा ठेका नसतो, म्हणाली. कोणाची ओळ आहे? कविता आहे का? तिच्या घराच्या दारावर एक कोरा दगड नवरा गेल्यापासून तसाच आहे, त्यावर काय कोरावं हे तिला सुचत नव्हतं. आज सुचलं.

धाकटीच्या मनात एकाच वेळी तीन गोष्टी आल्या. सव्वीस बोर्ड. बाबांचा खांदा. आणि या बाईचं दार.

“स्वागताची ओळ आहे,” तिने सांगितलं. “येणाऱ्याचं भलं होवो, असं काहीतरी.”

म्हातारीने ते वहीत अक्षरांखाली लिहून घेतलं. पेंटरांचा रंगाने माखलेला हात हातात घेऊन दाबला आणि होडीच्या रांगेकडे गेली.

पेंटरांना ती भाषा येत नव्हती. पण चाळीस वर्षं रस्त्यात माणसं उभी करून वाचायला लावलेली. माणूस कुठे अडखळला ते त्यांना चेहऱ्यावर दिसे.

“काय विचारलं तिनं?”

“अर्थ.”

“तू काय सांगितलंस?”

“स्वागत आहे म्हटलं.”

पेंटरांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “एवढं लिहून कशाला घेतलं मग?”

“कोरणार आहे. दगडावर. तिच्या घराच्या दारावर.”

पेंटर पालथ्या डब्यावर बसले. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणी लिहिलेला आहे.

“दगडावर,” ते म्हणाले. “रंग असता तर खरवडला असता. जा, सांग तिला.”

“बाबा, ती तक्रार करेल. लेखी करेल. ही माणसं करतात. मग हे काम गेलंच समजा.”

“मी लपवून लिहिलं ते सव्वीस बोर्डांसाठी. तू लपवून कशासाठी सांगितलंस?”

“तुमच्यासाठी.”

“मग माझ्यासाठीच जा.”

ती गेली. रांग पुढे सरकली होती, म्हातारीच्या पुढे तिघंच उरले होते. धाकटीने एका दमात सांगून टाकलं. ओळ स्वागताची नाही. आपल्या माणसांसाठी तीस, असं लिहिलंय. तो तिकिटाचा दर आहे. मी खोटं बोलले.

म्हातारीने वही उघडली, ओळीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

“तीस?”

“हो.”

“आणि मी सहाशे दिले.”

“हो.”

“सहाशे मला जड नाहीत,” म्हातारी सावकाश म्हणाली. “पण मी दोन तास त्या ओळीसमोर बसले होते.”

तिने अक्षरांखालचा अर्थ रबराने पुसला, कागदावरची चुरी फुंकून टाकली, वही पिशवीत घातली आणि होडीत जाऊन बसली. धाकटी परत आली.

“काय म्हणाली?”

धाकटीने जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं होतं, बाबा काही बोलतील. ते म्हणाले, “पांढरा काढ. मोठा डबा.”

संध्याकाळपर्यंत वेलबुट्टी पांढऱ्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोघं पुन्हा दोरी ताणून उभे होते. पेंटरांनी वरच्या ओळीत तीस लिहिला, खालच्या ओळीत सहाशे. दोन्ही भाषांत, दोन्ही आकड्यांत, आणि उंची काटेकोर एक. परक्या भाषेतला मजकूर धाकटीने कागदावर लिहून दिला, तो त्यांनी चित्र काढावं तसा उतरवला. खाली एक ओळ, तीही दोन्ही भाषांत: ‘गुहेची देखभाल आमच्या करातून होते, म्हणून आम्हाला कमी.’

मॅनेजर नऊला आला आणि गाडीचं दार उघडं टाकूनच धावला.

“काका, हे काय केलंत?”

“बोर्ड लिहिला.”

“आधीचा काय होता मग?”

“ते मलाही नीट सांगता येणार नाही, साहेब. पण बोर्ड नव्हता.”

“मी हा पुसून टाकणार. आत्ता.”

“पत्रा तुमचा आहे. पुसा.”

खिडकीची काच सरकली. मावशींनी डोकं बाहेर काढलं. “राहू दे, साहेब.”

“मावशी, तुमच्यासाठीच चाललं होतं सगळं. रोज भांडणं कोणाशी व्हायची?”

“माझ्याशीच. पण आठ दिवस काय चाललंय बघा. जो येतो तो विचारतो, ते सुंदर काय आहे, काही लिहिलंय का? मी म्हणते, माहीत नाही. माझ्या नाकासमोरचा बोर्ड, आणि मला माहीत नाही. दिवसातून चाळीस वेळा. त्या लोकांना वाटत असणार, बाईला अक्षरओळख नाही. त्यापेक्षा भांडण परवडलं. भांडणात निदान मी बरोबर तरी असते.”

फाटकात पहिली बस येऊन थांबली होती. दोन परदेशी तरुण उतरले, बोर्डापुढे उभे राहिले, वाचलं. एकाने ओठ काढले, दुसऱ्याने खांदे उडवले. मग दोघांनी पाकिटं काढली.

“हा राहू दे,” मॅनेजर शेवटी म्हणाला. “पण आतलं काम मी तुम्हाला देऊ शकत नाही, काका. सांगितलेलं ऐकायचं नाही म्हटल्यावर मी वर काय तोंड दाखवू? फ्लेक्सवाल्याला देतोय.”

“द्या,” पेंटर म्हणाले. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यांनी फडक्याने पुसला. “फक्त ते ‘डोके सांभाळा’ त्याला खाली लावायला सांगा. गुडघ्याच्या जरा वर. वाकून चालणाऱ्याचे डोळे जमिनीवर असतात. वर लावला तर कपाळ आपटल्यावरच वाचतील.”

मॅनेजरने ते खिशातल्या कागदावर टिपून घेतलं.

त्यानंतर पेंटरांनी फारसं काही लिहिलं नाही. खांदा सुटला नाही, आणि कोणी बोलावलंही नाही. पाचव्या वर्षी ते गेले. महिन्याभराने कागदपत्रांच्या कामासाठी धाकटी आली होती, ती एका सकाळी बस पकडून गुहेकडे गेली.

खिडकीत नवी मुलगी होती. दर वाढले होते, पन्नास आणि नऊशे. बोर्ड कोणी बदलला नव्हता. नुसत्या आकड्यांवर छापील ठिगळं चिकटवली होती. ठिगळं कापणाऱ्याने बाबांनी सोडलेल्या जागेचं माप घेतलं असणार, कारण दोन्ही आकडे अजून एका उंचीचे होते. खालची ओळ उन्हाने फिकी झाली होती, पण एकही अक्षर गेलेलं नव्हतं. ती ओळ तिने दोनदा वाचली.

“ताई, किती द्यायची?” खिडकीतून मुलीने विचारलं.

“एक.”

“इथल्याच ना?”

“इथलीच.”

तिने पन्नास दिले, तिकीट घेतलं. मागे पाठीवर सामान घेतलेलं एक परदेशी जोडपं तिच्या खांद्यावरून बोर्ड वाचायला माना उंचावत होतं. ती बाजूला झाली.