कृपया जागेवरच उभं राहावं

ज्ञातीच्या मंडळाच्या गुणगौरव समारंभाला जायचं म्हणून प्रेमलाबाईंनी सकाळीच लोखंडी ट्रंक उघडली आणि तळाशी ठेवलेली शाल काढली. तपकिरी रंगाची, काठाला बारीक वेलबुट्टी असलेली. डांबरगोळ्यांचा वास तिच्यात इतका मुरला होता की गच्चीवरच्या दोरीवर वाळत घालूनही तो गेला नाही. सून रुपालीनं विचारलं, थोडं अत्तर लावू का. प्रेमलाबाई नको म्हणाल्या.

शाल नृसिंहरावांची होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्या लोकांतले नगरचे पहिले इंजिनिअर म्हणून मंडळातली जुनी माणसं अजून त्यांचं नाव काढतात. ते बी.ई. झाले तेव्हा मंडळाचा समारंभ म्हणजे मॅट्रिकला बरे मार्क मिळालेल्या मुलांना वह्या वाटायच्या आणि मसाला दूध प्यायचं, एवढाच असे. त्या वर्षी मात्र अध्यक्ष स्वतः घरी आमंत्रण द्यायला आले. शाळेच्या हॉलमध्ये नृसिंहरावांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि मागच्या रांगेतली माणसं इंजिनिअर दिसतो कसा ते बघायला बाकांवर चढली. प्रेमलाबाई तेव्हा नव्या नवरी. बायकांच्या घोळक्यात एका लठ्ठ काकूंच्या मागे उभ्या होत्या, त्यांना धड काही दिसलं नाही. पुढची एक म्हातारी वळून म्हणाली, "अगं, हिला पुढे येऊ द्या. ही इंजिनिअरीणबाई."

तेच नाव पडलं. वाण्याकडे, देवळात, हळदीकुंकवाला, सगळीकडे इंजिनिअरीणबाई.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा नुसता माळ होता आणि त्यावर कारखान्यांच्या थोड्या शेड. नृसिंहराव तिथं नोकरीला सायकलवर जात आणि ग्रीसनं काळे होऊन येत. पण लोकांना वाटे, इंजिनिअर म्हणजे त्याला सगळंच येणार. बिघडलेले रेडिओ यायचे, शिलाईची मशिनं यायची, एकदा शाळेचं घड्याळ आलं. तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वस्तू ठेवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे देऊन यायचे. राहात्याचा एक जण तर विहीर कुठं खणू म्हणून विचारायला आला. त्याला मात्र खरं सांगावं लागलं. तो चहा संपवून उठला आणि म्हणाला, "मग कसले हो इंजिनिअर तुम्ही?" या वाक्यावर घरात कितीतरी दिवस हसणं चाललं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी नृसिंहराव तेच म्हणायचे.

आता नातू अनिमेष मेकॅनिकल इंजिनिअर झाला होता. मागच्या वर्षी मंडळाचा समारंभच झाला नाही, म्हणून या वर्षी दोन्ही वर्षांच्या मुलांना एकत्र बोलावलं होतं. प्रेमलाबाईंनी मंडळाचे अध्यक्ष अवधूतराव यांना फोन केला. आजोबांची शाल नातवाला त्याच मंडळाच्या व्यासपीठावर माझ्या हातानं घालायची आहे, एवढं करा, म्हणाल्या. अवधूतराव जरा अडखळले. इंजिनिअर फार झालेत काकू, एकाला घातली की सगळे मागतील. पण शेवटी जुन्या मानाचं म्हणून कबूल झाले. इंजिनिअरांचं उरकलं की त्याला वर बोलावू, म्हणाले.

अनिमेषला हे चहाच्या वेळी सांगितलं. तो आधी कशाला म्हणाला आणि मग बरं म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणत असे. पास झाल्यापासून तो केडगावच्या या घरात लॅपटॉप उघडून बसलेला असायचा. कुणी नोकरीचं विचारलं की एकच उत्तर, प्रोसेस चालू आहे. रुपालीनं विचारणं सोडलं होतं. प्रेमलाबाईंना वाटत होतं, चारचौघांत ती शाल एकदा अंगावर पडली की पोराची मान जरा वर होईल. निदान पंक्तीत कुणी भेटलं तर तो नजर चुकवणार नाही.

मंगल कार्यालय भरलं होतं. प्रेमलाबाईंना व्यासपीठावर खुर्ची मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत शाल. अनिमेष खाली खांबाजवळ बसला. आधी डॉक्टर झालेल्या दोन मुली वर आल्या, मग एक सी.ए., मग न्यायाधीशाची परीक्षा पास झालेली एक मुलगी. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, फोटो.

मग अवधूतरावांनी माईक घेतला. "आता इंजिनिअर. वेळेअभावी सर्वांनी कृपया जागेवरच उभं राहावं. माईक फिरेल. नाव, शाखा, कंपनी सांगावी आणि बसावं."

खुर्च्या करकरल्या. निम्मा हॉल उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यापेक्षा न झालेल्यांना उभं करा, लवकर उरकेल." सगळे हसले. माईक हातोहात फिरू लागला. नाव, शाखा, कंपनी. नाव, शाखा, कंपनी. एका मुलानं कंपनीच्या जागी सध्या शोधतोय म्हटलं, तेव्हा माईक घ्यायला पुढच्याचा हात आधीच आला होता.

अनिमेष उठला नाही. मांडीवरच्या वेफर्सच्या पुडीची कड तो नखानं सोलत बसला होता. माईक त्याच्या डोक्यावरून मागच्या रांगेत गेला.

पिशवीतल्या शालीवर प्रेमलाबाईंचा हात होता. तो तिथंच राहिला.

शेवटचा इंजिनिअर बसला तसे अवधूतराव त्यांच्याकडे वळले. नृसिंहकाकांचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी माईक प्रेमलाबाईंच्या तोंडापुढं धरला. "काकू, नातू कुठंय? अनिमेष ना? बोलवा त्याला वर."

अनिमेषनं मान वर केली. आजी आणि नातवाची नजरानजर झाली. आता नाव घेतलं की तो वर येईल आणि नाव, शाखा सांगून थांबेल, हे प्रेमलाबाईंना दिसलं.

"तो आला नाही," त्या म्हणाल्या. आणि एवढंच पुरणार नाही असं वाटून पुढं म्हणाल्या, "मुलाखत आहे त्याची. पुण्याला."

"रविवारी?" अवधूतराव हसले. "काय कंपन्या झाल्यात हो. पण हे महत्त्वाचं. टाळ्या झाल्या पाहिजेत." टाळ्या झाल्या. "मग ही शाल आपण काकूंनाच घालू. पहिल्या इंजिनिअरच्या पत्नी."

पिशवीतून शाल त्यांनीच काढली आणि प्रेमलाबाईंच्या खांद्यावर घातली. कुणीतरी हातात नारळ दिला. फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं, तशा त्या तिकडं बघत राहिल्या. खांबाजवळची खुर्ची रिकामी दिसली. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. वाईट कुठून सुरू करावं ते कळेना. पोराला वाचवलं की नाकारलं, हेही कळेना. डांबरगोळ्यांचा वास तेवढा येत होता.

जेवायला न थांबता त्या बाहेर आल्या. अनिमेष फाटकाशी स्कूटर चालू करून उभा होता. त्यानं नारळ घेऊन डिकीत ठेवला, शालीचं टोक चाकात जाऊ नये म्हणून त्यांच्या कमरेशी खोचून दिलं. स्कूटर पुणे रस्त्याला लागली. सिग्नलला थांबल्यावर तो मागं न वळता म्हणाला, "आजी, मुलाखत कशी झाली ते विचारलं नाहीस."

"कशी झाली?"

"प्रोसेस चालू आहे."

त्यांना हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. त्यालाही आलं नाही. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

घरी रुपाली दारातच उभी होती. सासूच्या अंगावरची शाल आणि मुलाचा चेहरा बघून ती दारातून बाजूला झाली. अनिमेषनं नारळ ओट्यावर ठेवला आणि खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. दुपारचं ऊन पार स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं, तरी प्रेमलाबाई शाल पांघरूनच बसल्या. उकडत होतं की नाही, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं रुपालीनं विचारलं, नारळ आज फोडू का.

"फोड," त्या म्हणाल्या. "चटणी कर. त्याला आवडते."