डॅनिश पद्धत

फ्रान्समध्ये मास्तर आले की अख्खा वर्ग उभा राहतो. स्टीलची फूटपट्टी. डेन्मार्कमध्ये मुलं बाईंना नावानं हाक मारतात. लाल लोकरी हातमोजा. "बाबा, यू आर राँग."

१९८६ साली धर्मराज अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात, या दोन देशांच्या शाळांवर पीएचडी करत होता. सेमिनारच्या दिवशी बायको नंदा कामावर, म्हणून आठ वर्षांच्या लेकीला, मीराला, त्यानं मागच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"डेन्मार्कमध्ये मूल शिक्षकाची चूक दाखवतं," तो रंगात येऊन सांगत होता, "आणि शिक्षक त्याचे आभार मानतो."

प्रोफेसरांनी हसत विचारलं, "मग तुमच्या घरी कुठली पद्धत?"

"डॅनिश!"

सगळे हसले. खोलीत हीटर चालू असूनही मीरानं उजव्या हातात हातमोजा चढवला. धर्मराजचे कान तापले. पुढचं पान त्याला धड वाचता येईना.

परतताना बसमध्ये तो हळूच म्हणाला, "हात दाखव, बाळा."

"इट्स फाइन, बाबा." ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आदल्या संध्याकाळी ज्या गणितावरून त्यानं तिच्या बोटांवर फूटपट्टी मारली, त्याचं उत्तर तिचंच बरोबर होतं.